पिंपलवाल्याकडून हरलेला मुलगा

पत्र थोडक्यात असं : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातल्या आईने लिहिलं आहे. मुलगा १८ वर्षांचा, बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला. टेबल टेनिसमध्ये १९ वर्षांखालील गटात राज्य मानांकन स्पर्धा खेळतो. गेल्या स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीत तो ३-१ असा हरला. समोरचा मुलगा बॅकहँडला लांब पिंपलचं, म्हणजे वर लांब मऊ दाणे असलेलं, रबर लावून खेळणारा. हरल्यावर याने बॅट टेबलावर आपटली, पिवळं कार्ड खाल्लं, हात न मिळवता निघून गेला. घरी आल्यावर म्हणाला, ‘‘पिंपल लावून खेळणं हा खेळच नाही.’’ त्याच सुमारास मित्रांबरोबर ‘मार्टी सुप्रीम’ हा एका बढाईखोर टेबल टेनिसपटूवरचा चित्रपट दोनदा पाहिला. तेव्हापासून त्याचं एकच चाललंय : मोठं व्हायचं तर असंच वागावं लागतं, नम्र माणसं दुसऱ्या फेरीत घरी जातात. क्लबात तो दोनशे-पाचशे रुपये लावून खेळतो. बावीस हजारांची नवी बॅट हवी आहे, कॉलेज वर्षभर सोडून पुण्याला जायचं आहे. वडील म्हणतात, नाटकं बंद. प्रशिक्षक म्हणतात, दोन महिने बसवतो याला. आईने शेवटी लिहिलंय, ‘‘खरं तर तो पिंपलमुळेच हरला हे आम्हालाही पटतं, पण हा माज बघवत नाही. माज मोडावा तर खेळातली धग जाईल अशी भीती वाटते. मोडू की जपू?’’

ताई,

तुमच्या चार पानी पत्रात माजाबद्दल साडेतीन पानं आहेत आणि पिंपलबद्दल एक ओळ. उत्तराची सुरुवात मात्र त्या एका ओळीपासून करावी लागेल.

आधी चित्रपट. दिग्दर्शक जॉश सॅफ्डीच्या या चित्रपटातला नायक काल्पनिक आहे, पण तो ज्याच्यावरून सैलसर बेतलाय तो मार्टी रीझमन खरा होता. जन्म १९३०, न्यूयॉर्कचा. मॅनहॅटनच्या टेबल टेनिस क्लबात पैसे लावून खेळत मोठा झालेला, बारीक अंगाचा, तोंडाने तिखट, कपड्यांचा शौकीन. जाळीची उंची तो शंभर डॉलरच्या नोटेने मोजायचा. (जाळी १५.२५ सेंटिमीटर, नोट साधारण १५.६. म्हणजे मोजमाप फारसं चुकत नव्हतं आणि नोट सगळ्यांना दिसायची.) पण नुसता रुबाब नव्हता. १९४९ साली इंग्लंडची खुली स्पर्धा त्याने जिंकली, त्याच वर्षी जागतिक स्पर्धेत एकेरीचं कांस्यपदक घेतलं. तुमच्या मुलाला त्याच्यात काय आवडलं असेल, हे समजण्यासारखं आहे.

हा रीझमन जिथे आपटला ते ठिकाण आपल्या घरापासून फार लांब नाही. फेब्रुवारी १९५२, मुंबई. जागतिक टेबल टेनिस स्पर्धा आशियात पहिल्यांदा होत होती. जपानकडून हिरोजी सातो नावाचा चष्मेवाला खेळाडू आला, आणि त्याच्या बॅटवर जाड स्पंज चिकटवलेला होता. तोवर सगळे लाकडावर छोट्या दाण्यांचं पातळ रबर लावून खेळत. त्या बॅटचा ‘टक’ असा आवाज यायचा आणि समोरच्याने किती जोरात मारलं, किती कट दिला, हे निम्मं कानाने कळायचं. स्पंजने आवाजच गिळला. चेंडू क्षणभर रुतायचा आणि अपेक्षेपेक्षा वेगळ्या वेगाने, वेगळ्या फिरकीने सुटायचा. रीझमन सातोकडून हरला. सातो विश्वविजेता झाला.

तुमच्या मुलाला यापुढची गोष्ट माहीत असायला हवी. सातो पुन्हा कधी विश्वविजेता झाला नाही. स्पंज समजायला लागला तशी त्याची जादू ओसरली. जपानच्याच इचिरो ओगिमुराने स्पंज हाती घेऊन १९५४ आणि १९५६ अशी दोनदा जागतिक एकेरी जिंकली. १९५९मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने नुसत्या उघड्या स्पंजवर बंदी घातली आणि स्पंजवर रबर अशा जोडीला जाडीची मर्यादा घालून परवानगी दिली. तीच आज तुमच्या मुलाच्या हातात आहे : गोंद धरून जास्तीत जास्त ४ मिलिमीटर. रीझमन मात्र जुन्या बॅटशी एकनिष्ठ राहिला. स्पंजने खेळ बिघडवला, दोन खेळाडूंमधला संवाद संपवला, असं तो म्हातारपणापर्यंत सांगत राहिला. त्याच्या म्हणण्यात तथ्य नव्हतं असंही नाही. १९९७ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, त्याने अमेरिकेची जुन्या बॅटची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. हात तेवढा शाबूत होता. पण जागतिक एकेरीचं विजेतेपद त्याला कधीच मिळालं नाही.

माझं वाचन असं, की त्याला उद्धटपणा नडला नाही. ‘हा खेळच नाही’ हे वाक्य नडलं. तेच वाक्य तुमच्या घरात बोललं गेलंय, आणि राग मानू नका, पण ते एकट्या मुलाने बोललेलं नाही. ‘आम्हालाही पटतं’ असं तुम्हीच लिहिलंय. स्पर्धेहून परतताना गाडीत आई-वडील दोघांनी मान डोलावली असेल, तर त्या सबबीवर मुलाच्या आधी तुमची सही झाली आहे.

लांब पिंपलचं रबर पूर्णपणे नियमात बसतं. भारताची मनिका बत्रा बॅकहँडला तेच लावते. २०१८च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने सिंगापूरच्या फेंग तियानवेईला, तेव्हाच्या जगातल्या पहिल्या पाचांतल्या खेळाडूला, सांघिक आणि एकेरी अशा दोन्ही स्पर्धांत हरवलं आणि दोन्हींत सुवर्ण घेतलं. ‘हा खेळच नाही’ हे तिच्यासमोर म्हणून दाखव, असं मुलाला एकदा विचारा. चिडवायला नको, सहज विचारा.

आता तो हरला कसा, हे पाहू. सामना पाहिलेला नसला तरी पिंपलकडून पहिल्यांदा हरणारी मुलं जवळजवळ एकाच पद्धतीने हरतात. लांब पिंपलचे दाणे मऊ असतात, चेंडू लागला की वाकतात आणि चेंडूला पकडत नाहीत. त्यामुळे तुम्ही दिलेली फिरकी बरीचशी तशीच राहते, फक्त चेंडू उलट दिशेने येत असल्यामुळे ती तुमच्यासाठी उलटी होते. याने जोरदार टॉपस्पिन (पुढे गरगरणारा चेंडू) मारला आणि समोरच्याने नुसती बॅट धरली, तर चेंडू बॅकस्पिन (मागे गरगरणारी फिरकी) घेऊन येतो. याने त्याच कोनात दुसरा टॉपस्पिन मारला की चेंडू जाळीत. मग घाबरून पुश केला, म्हणजे चेंडूखालून बॅट हलकेच सरकवून तो परतवला, तर तो पुश समोरून जवळपास बिनफिरकीचा किंवा हलका टॉपस्पिन होऊन परत येतो. त्यावर पुन्हा पुश केला की चेंडू वर उठतो आणि समोरचा फोरहँडने जोरात फोडतो. एक जाळीत, एक वर. दोन गेम असेच गेले की मुलगा म्हणतो, याला खेळता येत नाही, याचं रबरच खेळतंय.

हे शिकता येतं आणि त्याला वर्षं लागत नाहीत. डोक्यात दोन गोष्टी बसायला हव्यात. आपण टॉपस्पिन मारला असेल तर पिंपलवरून येणारा पुढचा चेंडू बॅकस्पिनचा धरायचा : बॅट थोडी उघडायची, खालून वर घासून उचलायचा, किंवा सरळ हलका पुश. आपण पुश केला असेल तर पुढचा चेंडू बिनफिरकीचा धरायचा आणि दाबून सपाट मारायचा. म्हणजे समोरच्याच्या बॅटकडे नाही, आपल्या आधीच्या फटक्याकडे लक्ष ठेवायचं. टॉपस्पिन, पुश, टॉपस्पिन, पुश असं आलटून-पालटून खेळलं तर पिंपलवाल्याची निम्मी भीती जाते.

सर्व्हिससुद्धा बदलावी लागते. साइडस्पिनच्या (बाजूला वळणाऱ्या) नक्षीदार सर्व्हिस पिंपलवर वाया जातात, उलट स्वतःलाच गोंधळात टाकतात. पिंपलच्या बाजूला एक तर बिनफिरकीची, लांब, वेगवान सर्व्हिस. नाहीतर भरपूर बॅकस्पिनची, जी सुस्त होऊन परत येते आणि तिसऱ्या चेंडूवर, म्हणजे सर्व्हिसनंतरच्या आपल्या पहिल्याच फटक्यात, मारता येते. रॅलीत चेंडू कोपऱ्यात मारण्याचा मोह होतो, तिथे पिंपल वाट पाहत असतं. समोरच्याच्या उजव्या कोपराच्या आसपास मारावा (खेळाडू उजवा असेल तर). तिथे फोरहँड की बॅकहँड हे ठरवायला त्याला वेळ लागतो.

आणि सामन्याआधी बॅट बघून घ्यायची. हा शिष्टाचार नाही, नियम आहे : सामन्यापूर्वी प्रत्येक खेळाडूने बॅट प्रतिस्पर्ध्याला आणि पंचाला दाखवावी लागते. एक बाजू काळी, दुसरी वेगळ्या रंगाची. पिंपल काळ्या बाजूला आहे की लाल, दाणे किती लांब, खाली स्पंज आहे की नाही, हे अंगठ्याने दाबून पाहायला दहा सेकंद लागतात. चांगले पिंपलवाले रॅलीच्या मधेच बॅट हातात फिरवतात. रंग लक्षात नसेल तर काय झालं तेही कळत नाही. तुमच्या मुलाला विचारा, त्या सामन्यात पिंपल कोणत्या रंगाचं होतं? उत्तर आलं नाही तर त्या हरण्याचं निम्मं कारण तिथेच सापडलं.

सराव कसा करायचा? क्लबात पिंपलवाला नसेल तर एक तयार करा. जुनी बॅट असेलच, तिच्या एका बाजूला स्वस्तातलं, पण आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता छापलेलं लांब पिंपल रबर लावून ज्याचा ब्लॉक (वेगात आलेला चेंडू नुसती बॅट धरून परतवणं) बरा आहे अशा साथीदाराला द्या. आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटं. पहिली दहा मिनिटं फक्त पुशला पुश, चेंडू कसा येतो ते डोळ्यांना कळण्यासाठी. पुढची दहा मिनिटं एक टॉपस्पिन, एक पुश. सलग वीस चेंडू न चुकता झाले तर पुढे जायचं, नाहीतर नाही. उरलेल्या वेळात ११ गुणांचे गेम. यंत्राने फेकलेले चेंडू इथे कुचकामी, कारण यंत्र तुमची फिरकी तुम्हाला परत देत नाही. चार ते सहा आठवड्यांत फरक दिसतो. दोन आठवड्यांत दिसला नाही म्हणून सोडून देणारेच जास्त.

आता माज. तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींना एकच नाव दिलंय. अंगात रग असणं, मी यालाही हरवीन असं वाटणं, मोठ्या नावाच्या खेळाडूसमोर नजर खाली न घालणं, हे खेळाडूला लागतं आणि ते मोडायच्या भानगडीत पडू नका. मोडायची ती पळवाट. दोन्हींतला फरक घरबसल्या ओळखता येतो. ५-० पुढे असताना जो बोलतो तो ९-९ वर काय करतो? क्लबात सगळ्यांत अवघड खेळाडूबरोबर टेबल मागतो, की ज्यांना हरवता येतं त्यांच्याबरोबर? हरल्याच्या दुसऱ्या दिवशी सरावाला वेळेवर जातो, की दोन दिवस पोट दुखतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर काहीही असो, दुसऱ्या-तिसऱ्याचं उत्तर पळण्याचं असेल, तर चित्रपटाने त्याला काही बिघडवलेलं नाही. आधीपासून जे चाललं होतं त्याला फक्त एक झकास संवाद मिळाला. हात न मिळवणं नेमकं कधी सुरू झालं, हे आठवून बघा. मला शंका आहे, चित्रपटाच्या आधीचं निघेल.

चित्रपटावर बंदी घालू नका, ‘तो चांगला माणूस नाही’ असं व्याख्यानही नको. अठराव्या वर्षी त्याला तेच तर आवडलंय. एवढंच सांगा, की बढाईखोर खेळाडूची ती भूमिका करण्यासाठी टिमथी शॅलमे या नटाने कित्येक वर्षं टेबल टेनिसचा सराव केला होता. पडद्यावर बढाईला भरपूर जागा मिळते, रोजच्या दोनशे बॅकहँड ब्लॉकना कुठलाच दिग्दर्शक देत नाही.

वागण्याचं मात्र सोपं आणि कोरडं ठेवा. बॅट आपटणं, चेंडू लाथाडणं, शिव्या यांना पहिल्यांदा पिवळं कार्ड. त्याच सामन्यात पुन्हा केलं तर पिवळं आणि लाल एकत्र, प्रतिस्पर्ध्याला १ गुण फुकट. तिसऱ्यांदा २ गुण. पुढे पंच मुख्य रेफरीला बोलावतो आणि सामनाच काढून घेतला जाऊ शकतो. शिवाय सामन्याच्या मधे बॅट बदलता येते ती अपघाताने मोडली तरच. आपटून मोडणं हा अपघात नव्हे. ११ गुणांच्या गेममध्ये एक फुकटचा गुण किती महाग पडतो, हे त्याला हिशेबाने सांगा, संस्काराने नको. घरचा नियम एकच : आपटलेल्या बॅटचं नवं रबर त्याच्या पुढच्या स्पर्धेच्या खर्चातून. आणि शेवटचा गुण झाला की टॉवेलच्या आधी हात : आधी प्रतिस्पर्ध्याशी, मग पंचाशी. मनात काय वाटतंय ते विचारायची गरज नाही, हात पुढे गेला की झालं.

‘दोन महिने बसवतो’ हा प्रशिक्षकांचा उपाय मला पटत नाही. खेळण्यावाचून ठेवलेला मुलगा दोन महिने स्वतःला चित्रपटाचा नायक समजत बसेल. तुम्ही जाऊन त्यांना भेटा, मुलाला नेऊ नका, आणि विनंती करा : बसवण्याऐवजी दोन महिने याला फक्त पिंपलवाल्याशी आणि डावखुऱ्यांशी खेळवा. ही शिक्षा त्याला जास्त लागेल आणि कामाची ठरेल. मागची स्पर्धा मोबाइलवर टिपलेली असेल तर प्रशिक्षकांबरोबर ती वीस मिनिटं पाहायची, घरच्यांबरोबर नाही. पुढच्या स्पर्धेत तुम्ही गॅलरीत बसाल तेव्हा ‘कम ऑन’ ओरडण्याऐवजी वहीत लिहा : प्रत्येक गुण कोणाच्या सर्व्हिसवर, आणि तो सर्व्हिसवर संपला, रिसीव्हवर, तिसऱ्या चेंडूवर की लांब रॅलीत. ही वही स्पर्धेच्या दुसऱ्या दिवशी त्याच्यासमोर ठेवा. त्याच संध्याकाळी अजिबात नाही.

पैसे लावून खेळणं आजच बंद. एक तर नोंदणीकृत खेळाडूने आपल्या खेळावर पैसे लावणं आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमांत बसत नाही. दुसरं कारण खेळाचंच आहे. पैशाच्या सामन्यात कमजोर खेळाडूला चार-पाच गुण आधी देऊन खेळावं लागतं, हात राखून खेळावं लागतं. सहा महिने सुस्त चेंडूंवर खेळलेला हात राज्य स्पर्धेत उशिरा जातो. रीझमन त्यातून तरला, कारण त्या क्लबात देशातले सर्वोत्तम खेळाडूही येत. तुमच्या गावच्या क्लबात येत नाहीत.

बावीस हजारांबद्दल एवढंच : बॅटचं लाकूड आत्ता बदलू नका. हात बसलेला असताना कार्बनचा थर असलेलं वेगवान लाकूड घेतलं की पुशपासून सगळं नव्याने मोजावं लागतं, आणि त्याचा प्रश्न वेगाचा नाहीच. रबर मात्र जुनी झाली असतील तर बदला. रोज तीन तास खेळणाऱ्याच्या रबराची पकड दोन-तीन महिन्यांत उतरते. मधोमध काच-गुळगुळीत, चमकणारा डाग दिसला की समजावं. पूर्ण बॅटचं वजन साधारण १८० ते १९० ग्रॅममध्ये राहील असं पाहा, नाहीतर तिसऱ्या सामन्यात मनगट बोलायला लागतं.

कॉलेज सोडू नये. आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळायच्या तर नाव कॉलेजच्या पटावर लागतं. रेल्वे, पेट्रोलियम कंपन्या, रिझर्व्ह बँक खेळाडूंना नोकरी देतात, राज्य सरकारच्या भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे, पण या सगळ्या दारांवर पदकाबरोबर शैक्षणिक पात्रताही विचारतात. पुण्याला जायचंच असेल तर उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे पाठवा. तिथे रोज त्याला हरवणारी मुलं भेटतील. परत आल्यावर तो काय बोलतो ते ऐका आणि मग वर्षाचा निर्णय घ्या. वडिलांना सांगा, ‘नाटकं बंद’ म्हटल्याने नाटक बंद होत नाही, फक्त बाहेरच्या खोलीत हलतं. सहा आठवड्यांचा खर्च लिहून काढायचं काम त्यांच्याकडे द्या.

या रविवारी पिंपलचं रबर आणा. पातळ स्पंजवालं घ्या, अर्धा ते एक मिलिमीटर. स्पंज नसलेलं लावणं नवख्याला जमत नाही, त्याला वेगळी चिकटपट्टी लागते. गोंद पाण्याचाच. लाकडाला एक पातळ थर, स्पंजला एक; पांढरा गोंद पारदर्शक होईपर्यंत, साधारण दहा-पंधरा मिनिटं, थांबायचं. मग हँडलकडून सुरू करून रूळ फिरवत दाबायचं, रबर ओढायचं नाही. वर वही-पुस्तकं ठेवून रात्रभर सोडा आणि सकाळी लाकडाच्या कडेने कात्रीने कापा. हे सगळं मुलाच्याच हातून करून घ्या, आणि ती बॅट क्लबात कोणाच्या हातात द्यायची तेही त्यालाच ठरवू द्या.